चालतंय, पण बरोबर आहे का?

मे २०२० मधली गोष्ट. लॉकडाऊन लागायच्या आठवडाभर आधी मी पुण्याहून ट्रॅव्हल्सने परभणीला घरी आलो आणि अडकलो. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. दिवसभर ऑफिसचं काम, दुपारी लाइट गेली की ओट्यावर, आणि संध्याकाळी घरच्यांच्या कॉम्प्युटरची 'डागडुजी'. सॉफ्टवेअर इंजिनिअर घरात असला की टीव्हीच्या रिमोटपासून सगळं त्याच्याच पदरात पडतं, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

माझी मोठी बहीण तेव्हा एमएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या टप्प्यात होती. २०१९च्या खरिपात तिने सोयाबीनच्या आठ वाणांची चाचणी घेतली होती. प्रत्येक वाण तीन वेळा, म्हणजे एकूण २४ प्लॉट. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने मराठवाड्यातलं सोयाबीन शेतातच भिजवलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या पावसाच्या उघडिपीत काढणी करून, वाळवून, वजनं करून तिने आपलं फिल्ड बुक भरलं होतं. थिसिस लिहायचा बाकी होता. विश्लेषण घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, 'एमस्टॅट-सी' नावाच्या एका डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालू होतं. सीनियर विद्यार्थ्यांकडून पुढे पुढे येत हा प्रोग्रॅम तिच्यापर्यंत पोचला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचा पत्ता नाही.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं, ३२-बिट. विंडोज ७चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२०ला थांबवला होता. मी शहाणपणा केला. रॅम वाढवली आणि मशीन फॉरमॅट करून ६४-बिट विंडोज १० टाकलं. ताईच्या फाइली डी ड्राइव्हवर सुखरूप होत्या. मशीन भराभर चालू लागलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ताईने एमस्टॅट उघडायला घेतलं आणि निळ्या पट्टीवर संदेश आला : हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

"काल तर चालायलं होतं," ती म्हणाली. "तू काय केलंस रे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो, त्याचा हा लेख.

जमीन बदलली की

आधी तांत्रिक कारण सांगतो, कारण पुढचा इतिहास त्याच्यावरच उभा आहे.

एमस्टॅट हा अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९८०च्या दशकात तयार झालेला प्रोग्रॅम. त्या काळच्या पीसीतला प्रोसेसर एका वेळी १६ बिटांचा घास घ्यायचा. पुढे १९८५ साली इंटेलने ३२-बिट ३८६ प्रोसेसर आणला, तेव्हा त्यात एक सोय ठेवली : जुना १६-बिट प्रोग्रॅम आला तर त्याला आपण जुन्याच मशीनवर आहोत असं भासवायचं. ३२-बिट विंडोज ही सोय वापरत आलं, म्हणून डॉसचे प्रोग्रॅम विंडोज ७ पर्यंत तग धरून राहिले. पण ६४-बिट प्रोसेसर जेव्हा आपल्या पूर्ण ६४-बिट पद्धतीत चालतो, तेव्हा ही सोय उपलब्धच नसते. त्यामुळे ६४-बिट विंडोजमधून मायक्रोसॉफ्टने डॉसचा तो कप्पाच काढून टाकला.

म्हणजे एमस्टॅटमध्ये काही बिघडलं नव्हतं. त्यातला एकही आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. त्याच्या पायाखालची जमीन मी काढून घेतली होती.

आमच्याकडे विहिरीवर मोट होती, मग डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटर. विहीर तीच, पाणीही तेच. पण दर वेळी उपसायचं साधन बदललं की आधीचा पाइप नव्या पंपाला बसत नाही. आटे जुळत नाहीत. मग रिड्यूसर आणा, टेफ्लॉन टेप गुंडाळा. शास्त्रीय सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसवणं म्हणजे बहुतेक वेळा हेच आटे जुळवण्याचं काम असतं. आणि हे काम कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे.

गुणाकाराच्या यंत्रापासून

ताई जे गणित एमस्टॅटकडून करून घेत होती त्याचं नाव अ‍ॅनालिसिस ऑफ व्हेरियन्स, म्हणजे प्रसरणाचं विश्लेषण. कृषीचे विद्यार्थी 'अनोव्हा' म्हणतात. प्रश्न साधा आहे. आठ वाणांचं उत्पादन वेगवेगळं आलं. हा फरक वाणांचा, की जमिनीतल्या चढउताराचा आणि नशिबाचा?

या प्रश्नाला शिस्तीने उत्तर देण्याची रीत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात बसवली. ते तिथे १९१९ साली आले. गव्हाच्या एका शेतावरचे १८४३ पासूनचे आकडे तिथे साठलेले होते. फिशर यांच्या हाताशी 'मिलियनेअर' नावाचं, हाताने फिरवायचं गुणाकाराचं यंत्र होतं. १९२५ साली त्यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स' आलं, आणि संशोधकाला टेबलावर बसून आकडेमोड करता येईल अशी पद्धत सगळीकडे पसरली.

ती भारतातल्या शेतापर्यंत आणणाऱ्यांत दोन मराठी नावं आहेत. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट करून ते परतले आणि दिल्लीत कृषी संशोधन परिषदेचं संख्याशास्त्राचं काम त्यांनी उभारलं. १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. दुसरे विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या कापूस संशोधनातून पुढे आलेले. या दोघांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तक १९५४ साली निघालं. नावातच फिशर यांच्या पुस्तकाची सावली दिसते. आजही कृषीच्या विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये संदर्भांच्या यादीत 'पानसे अँड सुखात्मे' नसेल तर गाइड विचारतात. आमच्या घरीही त्याची कडा झिजलेली प्रत होती. मी ती तोवर कधी उघडली नव्हती.

सुखात्मे यांच्या कामातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पिकाचं उत्पादन मोजायला शेतातला एक लहानसा तुकडा निवडून कापायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा, हा पीक कापणी प्रयोग परभणीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला आज पीक विम्यामुळे माहीत आहे. १९४०च्या दशकात सुखात्मे यांनी दाखवून दिलं की हा तुकडा फार लहान असेल तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना माणसाचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, आणि उत्तर चूक. कुठेही 'एरर' नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामी येणार आहे.

यंत्रं आली, यंत्रं गेली

परभणीत शेती संशोधन निजामाच्या राजवटीपासून होतं. हैदराबाद राज्य असतानाच १९५६ साली इथे कृषी महाविद्यालय सुरू झालं आणि १८ मे १९७२ला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. भेंडीचं 'परभणी क्रांती', ज्वारीचं 'परभणी मोती', सोयाबीनचं 'एमएयूएस-७१' हे वाण इथलेच. असं एखादं नाव बियाण्याच्या पिशवीवर छापलं जातं त्याआधी कित्येक हंगाम, कित्येक प्लॉट आणि प्रत्येक प्लॉटमागे अनोव्हाचा एक तक्ता असतो. ही आकडेमोड चुकली तर चूक शेवटी पेरणाऱ्याच्या पदरात पडते.

हे तक्ते कशावर केले जात? आधी हाताने, मग गरगर फिरणाऱ्या फॅसिटसारख्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर. १९६४ साली दिल्लीच्या कृषी संशोधन सांख्यिकी संस्थेत आयबीएम १६२० कॉम्प्युटर बसला. तेव्हा फोरट्रान ही भाषा अवघी सात वर्षांची होती. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने ती तयार केली. सूत्र जवळजवळ वहीत लिहितो तसंच लिहायचं आणि मशीनच्या भाषेत त्याचं रूपांतर मशीननेच करायचं, ही तिच्यामागची कल्पना. संशोधकांना ती इतकी मानवली की तिच्यात लिहिलेलं गणित आजही आपल्या लॅपटॉपच्या पोटात चालतं. कसं, ते पुढे येईलच.

मग १९७८ साली भारताला एका मोठ्या 'अपग्रेड'ला उलट्या बाजूने सामोरं जावं लागलं. परकीय चलन कायद्यानुसार भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला आयबीएम तयार झाली नाही आणि देश सोडून गेली. मागे राहिली तिची यंत्रं आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं. १९७५ साली सरकारने स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. मला ही घटना फार बोलकी वाटते. बनवणारा निघून गेल्यावर यंत्र चालू ठेवणं हे एक वेगळं, पूर्ण वेळाचं काम आहे, हे त्या कंपनीच्या नावातच लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं येतात. मेन्टेनन्स करणाऱ्यांचा इतिहास कुणी सहसा लिहीत नाही.

१९८०च्या दशकात पीसी आला. एमस्टॅटसारखे प्रोग्रॅम त्यावर नेमके बसले. फ्लॉपीत मावायचे, साध्या मशीनवर चालायचे आणि आरबीडी, स्प्लिट प्लॉट अशा शेतीच्याच भाषेत बोलायचे. विकसनशील देशांतल्या कृषी संशोधकांमध्ये एमस्टॅट पसरला तो या सोयीमुळे. ज्याच्याकडे मोठी यंत्रणा नाही, त्याच्या हातातलं ते औजार होतं. तीस वर्षं ते टिकलं. आणि एका संध्याकाळी मी विंडोज १० टाकलं.

बनी तो बनी

आमच्या गावाबद्दल एक जुनी म्हण आहे : बनी तो बनी, नही तो परभणी. जमलं तर जमलं, नाहीतर आपली परभणी आहेच. त्या आठवड्यात मी याच वृत्तीने कामाला लागलो.

पहिला उपाय सोपा निघाला. 'डॉसबॉक्स' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. २००२ पासून तो मिळतो. जुने डॉसवरचे गेम नव्या मशीनवर खेळता यावेत म्हणून काही हौशी मंडळींनी तो लिहिला. तो प्रोसेसरकडे जुनी सोय मागतच नाही. तो आख्खा जुना पीसीच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. त्यात एमस्टॅट उघडला. ताईचा जीव भांड्यात पडला. गेम खेळणाऱ्यांच्या हट्टामुळे सोयाबीनचे आकडे वाचले, हेही इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

पण इंजिनिअरला गप्प कुठे बसवतं? मी म्हणालो, "ताई, ही कुबडी आहे. शेवटचं विश्लेषण 'आर'मध्ये करू. पुढे पीएचडीला उपयोगी पडेल."

'आर' ही संख्याशास्त्राची भाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९०च्या दशकात ती घडवली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एकच, म्हणून नाव 'आर'. शिवाय तिच्या आधीच्या, बेल लॅब्जमधल्या भाषेचं नाव 'एस' होतं, तिलाही हा चिमटा. १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २०००ला तिची १.०.० आवृत्ती निघाली. शेतीच्या प्रयोगांसाठी तिच्यात 'अ‍ॅग्रिकोले' नावाचं पॅकेज आहे. ते पेरूमधल्या एका संख्याशास्त्रज्ञाने लिहिलेलं आहे. पेरूत बटाट्याच्या प्रयोगासाठी वापरलेलं औजार परभणीत सोयाबीनला चालतं. मुक्त सॉफ्टवेअरची गंमत हीच.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर उबंटू होतं. आणि योगायोग असा की उबंटूची २०.०४ ही नवी आवृत्ती २३ एप्रिल २०२०ला आली, तर 'आर'ची ४.०.० ही आवृत्ती लगेच दुसऱ्या दिवशी, २४ एप्रिलला. लॉकडाऊनमध्ये रिकामा वेळ होता. मी दोन्ही टाकून बसलो होतो.

पहिला धक्का : 'आर' उघडलं, पण आधीची सगळी पॅकेजेस गायब. प्रत्यक्षात ती गेलेली नव्हती. 'आर' आपल्या प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी वापरकर्त्याच्या पॅकेजेसचा वेगळा फोल्डर ठेवतं. जुनी जुन्या फोल्डरात पडून होती, आणि ४.०.०साठी ती नव्याने बसवणं सक्तीचंच होतं, कारण आतली रचना बदलली होती.

दुसरा धक्का : नव्याने बसवायला गेलो, तर एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि मध्येच सगळं थांबून संदेश येतो की 'जीफोरट्रान', 'लॅपॅक' आणि 'ब्लास' सापडत नाहीत.

पडद्यावर फोरट्रानचं नाव बघून मी थबकलो. २०२० सालातली भाषा, २०२० सालातली ऑपरेटिंग सिस्टिम आणि अडकलं कुठे, तर १९५७ सालच्या भाषेपाशी! कारण असं : सरणी, समीकरणं सोडवणारं मूळ गणित एकदा नीट लिहिलं, तपासलं, की ते पुन्हा लिहायचं कशाला? 'ब्लास' हे १९७९ सालचं, 'लॅपॅक' १९९२ सालचं. दोन्ही फोरट्रानमध्ये. 'आर' असो, पायथनमधलं 'सायपाय' असो, वरचा रंग कितीही नवा असला तरी खाली हीच दगडी जोती आहेत. पण लिनक्सवर पॅकेज बसवताना ते बहुधा आपल्याच मशीनवर मूळ कोडपासून घडवलं जातं. त्यासाठी फोरट्रानचा कंपायलर आणि ही जोडणीची साधनं हजर लागतात. ती उबंटूत आपोआप नसतात.

यातलाच एक भाऊबंद त्रास जुन्या लोकांना आठवत असेल. कंपायलरची आवृत्ती बदलली की फोरट्रानच्या लायब्ररीचा क्रमांकही बदलत गेला. आधी ३, मग ४, मग ५. तीन नंबरवर घडवलेला प्रोग्रॅम पाच नंबर समोर असूनही 'तीन सापडत नाही' म्हणून अडून बसतो. पाइपाचे आटे म्हणालो ते हेच. अशा वेळी जुन्या नावाने नव्या फाइलकडे बोट दाखवून वेळ मारून नेणारे लोक आहेत. ते करू नये. आटे न जुळणारा पाइप दाबून बसवला तर तो बसतो, आणि नेमका पाणी सोडल्यावर निसटतो. योग्य उपाय एकच : नव्या जमिनीवर पॅकेज नव्याने घडवायचं. 'आर-बेस-डेव्ह' नावाच्या एका गठ्ठ्यात ही सगळी साधनं मिळतात. तो टाकला, पॅकेजेस पुन्हा बसवली. घरचं इंटरनेट आणि लाइट सांभाळत यात एक पूर्ण संध्याकाळ गेली.

रात्री अकराला लाल अक्षरं थांबली. बनी तो बनी! बनली.

तक्त्यातला एक आकडा

डॉसबॉक्समधल्या एमस्टॅटमधून ताईचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढले आणि 'आर'ला दिले. पापणी लवते न लवते तोच तक्ता समोर. उत्पादनावर वाणाचा परिणाम : नॉन-सिग्निफिकंट. म्हणजे आठ वाणांत दखल घेण्याजोगा फरक नाही.

मी म्हणालो, "झालं बघ. फरक नाही म्हणतंय."

ताईने निष्कर्षाकडे पाहिलंच नाही. तिची नजर डावीकडच्या दुसऱ्या रकान्यावर होती. "हे चूक आहे," ती म्हणाली.

"एरर कुठे आलाय?"

"एररचं नाही विचारायलेय. माझे वाण किती? आठ. मग डिग्रीज ऑफ फ्रीडम सात पाहिजेत. इथं एक लिहिलाय. रेप्लिकेशनचे दोन पाहिजेत, तिथंबी एकच. एररचे चौदा यायला पाहिजेत, आलेत एकवीस. बेरीज तेवीस होतेय तेवढीच बरोबर."

मी मान खाली घालून बघितलं. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

काय झालं होतं? एमस्टॅट वाणांना १ ते ८ असे क्रमांक देऊन ठेवतो. त्याला ठाऊक असतं की ही नावं आहेत. 'आर'ला मी ते सांगितलं नव्हतं. त्याने ते अंक म्हणून वाचले. त्याच्या लेखी आठव्या क्रमांकाचा वाण हा चौथ्या क्रमांकाच्या दुप्पट होता, जणू वाण म्हणजे खताची मात्रा. मग त्याने क्रमांक वाढतो तसं उत्पादन सरळ रेषेत वाढतं का, हे तपासलं आणि 'नाही' असं प्रामाणिक उत्तर दिलं. प्रश्नच वेगळा होता. वाणांमधला खरा फरक त्याने उचलून चुकीच्या, म्हणजे एररच्या, खात्यात टाकला होता.

दुरुस्ती एका शब्दाची होती. हा रकाना अंकांचा नसून गटांचा आहे, असं सांगणारा 'फॅक्टर' हा शब्द. तो घातला. सात, दोन, चौदा. वाणांमधला फरक आता सिग्निफिकंट आला. तरी ताईचं समाधान झालं नाही. तिने पानसे-सुखात्म्यांचं पुस्तक उघडून ठेवलं, साधा कॅल्क्युलेटर घेतला आणि २४ आकड्यांची बेरीज, तिचा वर्ग, भागिले २४, म्हणजे करेक्शन फॅक्टर, तिथपासून उत्पादनाचा पूर्ण तक्ता हाताने केला. एका बाजूला एमस्टॅट, एका बाजूला 'आर', मध्ये तिची वही. तिन्ही उत्तरं जुळली तेव्हा तिने ती सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, थिसिसमध्ये लिहिली.

मी एकटा असतो तर? मी तो पहिला तक्ता खरा मानला असता. मला शिकवलेलंच ते होतं. लाल अक्षरं थांबली, प्रोग्रॅम चालला, काम झालं. एका चांगल्या वाणाच्या नावापुढे 'फरक नाही' लिहिलं गेलं असतं आणि कुठेही काही मोडल्याचा आवाज झाला नसता. सुखात्मे यांच्या त्या लहान तुकड्यासारखंच : बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, उत्तर चूक.

काय पुढे जातं

या प्रसंगानंतर मी अपग्रेडकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आपल्याला वाटतं की ज्ञान सॉफ्टवेअरमध्ये साठवलेलं आहे, आणि म्हणून सॉफ्टवेअर मोडलं की सगळं गेलं. पण गेल्या शंभर वर्षांत या एका गणिताखालची जमीन किती वेळा बदलली ते बघा : मिलियनेअर, फॅसिट, आयबीएम, डॉस, विंडोज, लिनक्स. यातलं एकही यंत्र पुढच्याला आपली स्मृती देऊन गेलं नाही. दर वेळी ती माणसानेच पलीकडे नेली. कशात घालून नेली? ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा उदाहरणात. पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं फक्त शिकवण्यासाठी नाहीत. ती वजनकाट्यावर ठेवायची मापं आहेत. काटा कितीही नवा असो, किलोचं माप किलो दाखवलं पाहिजे.

जगातही हीच रीत आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९०च्या दशकात संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरसाठी अशी तपासलेली उदाहरणं, खात्रीच्या उत्तरांसह, खुली करून ठेवली. त्यात अनोव्हाचीही आहेत. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीचा 'फॉसी' प्रकल्प मुक्त शास्त्रीय सॉफ्टवेअर महाविद्यालयांत पोचवतो, आणि तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'मधून कॉम्प्युटरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेचं 'वास्प' तर ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवायलाच लागत नाही. आटे जुळवायचा त्रास असा कमी होत जाईल, आणि व्हावाच. पण सात ऐवजी एक आलाय, हे ओळखणारी नजर कुठलीही आवृत्ती टाकून मिळत नाही.

आता नोकरीत मी एक नियम पाळतो. अपग्रेडच्या आधी एक लहान, उत्तर ठाऊक असलेलं उदाहरण चालवून त्याचा निकाल जपून ठेवायचा. कुठल्या आवृत्त्या होत्या ते त्याच्याखाली लिहायचं. अपग्रेडनंतर तेच उदाहरण पहिल्यांदा चालवायचं. जुळलं तरच पुढे. टीममधले गमतीने विचारतात, हे कुठे शिकलास? मी परभणी सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही आधार थांबला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा तो कॉम्प्युटर पुन्हा माझ्यापुढे आला. ताई आता संशोधनातच आहे. तिला म्हटलं, "फॉरमॅट करू का?"

ती आत गेली आणि जुनं फिल्ड बुक घेऊन आली. पाठीमागच्या पानावर तिने २४ आकडे आणि त्यांच्याखाली तक्ता लिहून ठेवला होता : सात, दोन, चौदा, तेवीस.

"कर," ती म्हणाली. "पण हे आधी चालवून दाखव."